शंभर योजनांचे पथ्य

निर्धन माणसास मधुमेहाने गाठले तर त्याने काय करावे? सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात या प्रश्नाचे जे उत्तर आहे, ते आजच्या वाचकास प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याजोगे आहे. ज्याच्याजवळ द्रव्य नाही आणि ज्यास आप्तस्वकीयांचा आधार नाही, अशा रोग्याने पायांत वहाणा न घालता व डोक्यावर छत्री न धरता घराबाहेर पडावे, भिक्षा मागून खावे, एका गावी एका रात्रीहून अधिक मुक्काम करू नये, आणि मुनीसारखे संयमाने राहून शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक वाट चालावी. योजनाचे माप सर्व काळी व सर्व प्रांतांत सारखे नव्हते. तरी चार कोसांचे एक योजन, हा रूढ हिशेब धरला तर ही वाट चारशे कोसांची भरते. आळंदीहून पंढरपूरला पालखीबरोबर जाणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो. अशा चार-पाच वाऱ्या लागोपाठ कराव्यात, असाच त्या आज्ञेचा अर्थ होतो.

धनिकासाठी निराळी योजना सांगितली आहे. त्याने सावा, देवभात यांसारखी रानधान्ये आणि आवळा, कवठ यांसारखी फळे यांवर निर्वाह करावा, हरणांच्या संगतीत राहावे आणि गाईंच्या मागे सतत हिंडावे. कोणी शेतात सांडलेले दाणे वेचून पोट भरावे, कोणी नांगर धरावा, कोणी विहीर खणावी. पलंग आणि पक्वान्ने यांपासून रोग्यास दूर न्यावयाचे आणि त्याच्या शरीरास कष्ट द्यावयाचे, हे या सर्व आज्ञांतील समान सूत्र होय. परंतु याच उपदेशाच्या शेवटी एक छोटीशी सूचना जोडलेली आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रोगी कृश असेल तर त्याला मात्र सदैव जपावे, असे तेथे सांगितले आहे.

स्थूलास चालवावे आणि कृशास जपावे, या दोन आज्ञा एकमेकींना जोडूनच वाचावयाच्या आहेत. मधुमेहाच्या पथ्याचा पुढचा इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते की, पहिल्या आज्ञेचा विसर पडला तेव्हा रोग फैलावला, आणि दुसरीचा विसर पडला तेव्हा माणसे उपाशी मेली.

प्राचीन वैद्यांनी वर्णिलेला प्रमेह आणि आजचा मधुमेह हे तंतोतंत एकच, असे म्हणता येणार नाही. प्रमेहाचे वीस प्रकार मानले जात, आणि मधुमेह हा त्यांपैकी एक. पण रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे त्यांनी नेमके टिपले होते. बसून राहण्याचे व झोपेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही या रोगाची कारणे होत, असे चरकसंहिता सांगते. खाण्याचा लोभ आणि चालण्याचा कंटाळा ज्याच्या ठायी आहे, त्याच्याकडे हा रोग पक्षी घरट्याच्या झाडाकडे यावा तसा येतो, अशा अर्थाचे वर्णन तीत आहे. प्रमेही माणसाच्या आहारात जवांना मुख्य स्थान द्यावे, असाही तिचा उपदेश आहे. जवांतील एक प्रकारचा चिकट तंतू आतड्यात साखरेचे शोषण मंदावतो, हे आता सिद्ध झाले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोग्यांची वर्गवारी. स्थूल व बलवान हा एक रोगी आणि कृश व दुर्बल हा दुसरा. पहिल्याचे शोधन करावे आणि दुसऱ्याचे पोषण करावे, असे चरकाचे मत. सुश्रुताने एक प्रकार जन्मजात मानला आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा मानला. जन्मजात रोगाने पीडलेला माणूस कृश, रूक्ष, अल्पाहारी व अतिशय तहानलेला असतो. अपथ्याने आजारी पडलेला माणूस स्थूल, खादाड आणि गादीवर लोळण्यात रमणारा असतो. हा भेद पाश्चात्त्य वैद्यकास नीट उमगावयास विसावे शतक उजाडावे लागले, आणि मधल्या काळात त्याची किंमत अनेक मुलांना प्राणांनी मोजावी लागली.

युरोपात मधुमेह्याच्या मूत्राच्या गोडीची ठळक नोंद इंग्रज वैद्य टॉमस विलिस याच्या 1674 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. 1776 साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने असे मूत्र आटवून दाखविले. खाली राहिलेला पांढरा चुरा दिसावयास व चवीस साखरेसारखाच होता. रोग्याच्या रक्तातील पाणीही गोडसर लागते, असे त्याला आढळले. साखर मूत्रपिंडात तयार होत नसून रक्तातूनच तेथे उतरते, ही समजूत पुढे त्यातून रुजली.

साखर रक्तात आहे, तर ती अन्नातून येत असली पाहिजे, हा विचार साहजिक होता. इंग्लंडच्या तोफखान्यातील शल्यवैद्य जॉन रोलो याने कॅप्टन मेरेडिथ नावाच्या स्थूल अधिकाऱ्यावर त्याचा प्रयोग केला आणि 1797 साली तो प्रसिद्ध केला. धान्य व भाजीपाला जवळजवळ वर्ज्य करून दूध, मांस, चरबी आणि रक्ताचे पदार्थ यांवर रोग्यास ठेवावयाचे, अशी ही योजना होती. मेरेडिथच्या मूत्रातील साखर नाहीशी झाली आणि त्याची प्रकृती सुधारली. युरोपीय वैद्यकात पथ्याने मधुमेह आटोक्यात आणल्याचे हे पहिले प्रसिद्ध उदाहरण ठरले. पण बरेच दिवस ठेवलेले मांस आणि खवट चरबी रोज कोण खाणार? रोलोच्या पथ्याचा गुण अनेकांना मान्य होता. ते पाळण्यास मात्र फारच थोडे तयार होते.

ही अडचण ओळखून पथ्यास माणसाच्या रोजच्या जीवनाशी जुळविण्याचा प्रयत्न पॅरिसच्या आपोलिनेर बुशार्दा याने केला. हा औषधशास्त्राचा पंडित आणि रुग्णालयाचा वैद्य. 1870 च्या सप्टेंबरात जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि तो 1871 च्या जानेवारीअखेरपर्यंत चालला. शहरात भाकरी मोजून मिळू लागली आणि लोक घोड्याचे मांस खाऊ लागले. त्या उपासमारीत आपल्या काही मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे बुशार्दाला दिसून आले. ज्या संकटाने निरोगी माणसांचे हाल केले, त्याच संकटाने या रोग्यांना आराम दिला होता.

बुशार्दाने त्यावरून आपली चिकित्सा पक्की केली. अन्न एकंदरीतच कमी खावे. पिष्टमय पदार्थ मोजून घ्यावेत. भाज्या उकळून त्यांचे पाणी टाकून द्यावे. अधूनमधून उपास करावा. आणि रोग्याने आपले मूत्र स्वतः नित्य तपासावे. व्यायामावर त्याचा विशेष कटाक्ष होता. ज्यास भाकर हवी असेल त्याने अंग घामाने भिजवून ती मिळवावी, असा त्याचा रोग्यांना आग्रह असे. विहीर खणावयास सांगणारे सुश्रुताचे वचन त्याच्या वाचनात आले होते की नाही, याने फरक पडत नाही. दोघांनीही रोग्याचे शरीर पाहिले आणि एकाच निष्कर्षास पोचले.

येथपर्यंत पथ्याची वाटचाल यशाची दिसते, परंतु हे यश मुख्यतः प्रौढ व स्थूल रोग्यांच्या बाबतीत होते. दहा-बारा वर्षांच्या मुलास हा रोग झाला म्हणजे तो भराभर वाळत जाई आणि थोड्याच काळात बेशुद्धीत दगावे. 1889 साली स्ट्रासबुर्ग येथे योझेफ फोन मेरिंग व ओस्कार मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या प्राण्यास तीव्र मधुमेह जडला. साखरेस ताब्यात ठेवणारे काही द्रव्य या ग्रंथीतून रक्तात मिसळत असले पाहिजे, हे त्यावरून दिसू लागले. तथापि ते द्रव्य हाती येईना, आणि तोपर्यंत वैद्यांच्या हाती पथ्य एवढेच साधन होते.

ते साधन अखेरच्या टोकास नेले न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक ॲलनने. 1914 च्या सुमारास रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात त्याने उपासाची चिकित्सा सुरू केली. मूत्रातील साखर जाईपर्यंत रोग्यास लंघन, आणि नंतर साखर पुन्हा दिसणार नाही इतकेच अन्न, असा तिचा क्रम होता. 1919 साली त्याने 76 रोग्यांची तपशीलवार हकीकत प्रसिद्ध केली. बॉस्टनचा विख्यात मधुमेहतज्ज्ञ इलियट जॉस्लिन यानेही ही पद्धती उचलली. तिने काही रोग्यांचे आयुष्य महिन्यांनी, कित्येकांचे वर्षांनी वाढले, हे खरे. पण मुलांच्या अंगावर कातडे आणि हाडे एवढेच उरत असे. त्यांपैकी कोणी रोगाने मरत, तर कोणी उपासानेच मरत. कृशास जपण्याची सूचना येथे नेमकी उलटी झाली होती. ॲलन निर्दय नव्हता. त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, आणि काही महिने जगविलेल्या मुलासाठी उद्या काहीतरी नवे निघेल, या आशेवर तो काम करीत होता.

ती आशा खरी ठरली. 1921 साली टोरंटो विद्यापीठात मॅक्लिऑडच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला, आणि जेम्स कॉलिपने तो शुद्ध केला. 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलास पहिली सुई टोचण्यात आली. त्या वेळी उपासाच्या पथ्याने त्याचे वजन अवघे पासष्ट पौंड उरले होते. पहिल्या अर्काचा नीट गुण आला नाही. 23 जानेवारीपासून कॉलिपचा शुद्ध अर्क देण्यात आला, आणि मुलाची साखर उतरू लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲलनची एक रुग्ण, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्यूज, टोरंटोस आली. पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन पंचेचाळीस पौंड होते. इन्सुलिन मिळाल्यावर ती वाढली, शिकली, तिने संसार केला आणि 1981 पर्यंत जगली. ॲलनच्या लंघनाने तिला इन्सुलिन येईपर्यंत तगविले, आणि मग इन्सुलिनने तिला लंघनातून सोडविले.

इन्सुलिनच्या अनुभवातूनच जुना भेद नव्याने पुढे आला. काही रोग्यांची साखर त्याच्या लहानशा मात्रेने झटकन उतरे, तर काहींची मोठ्या मात्रेनेही उतरत नसे. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ याने 1936 साली मधुमेहाचे या दृष्टीने दोन प्रकार पाडले. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा अभाव आहे, असे बहुधा तरुण व कृश रोगी एका बाजूला आणि ज्यांचे शरीर असलेल्या इन्सुलिनला दाद देत नाही, असे बहुधा प्रौढ व स्थूल रोगी दुसऱ्या बाजूला. आज यांस पहिल्या व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. चरक-सुश्रुतांना स्वादुपिंडाचे कार्य माहीत नव्हते. तरीही रोग्यांच्या अंगलटीवरून त्यांनी केलेली विभागणी या रेषेच्या बरीच जवळून गेली होती.

आहार, व्यायाम आणि इन्सुलिन हे तीन घोडे एकाच रथास जुंपावे लागतात, असे जॉस्लिन रोग्यांस सांगे. परंतु 1950 नंतरच्या दशकात साखर उतरविणाऱ्या गोळ्या बाजारात आल्या, आणि पहिल्या दोन घोड्यांकडे दुर्लक्ष होऊ लागले. पथ्य सांगितले जाई, पण उपचार म्हटला म्हणजे गोळी, अशी समजूत दृढ झाली. वस्तुतः दोन्ही महायुद्धांत, जेथे जेथे अन्नाची टंचाई वा शिधावाटप होते, तेथे मधुमेहाने होणारे मृत्यू घटल्याचे आकडे उपलब्ध होते. पण पॅरिसच्या वेढ्याप्रमाणेच हाही अनुभव आपत्तीतला होता. माणूस आपखुशीने, पोटभर अन्न समोर असता, एवढा बदल करील काय, आणि केल्यास रोग टळेल काय, हे कोणी पद्धतशीर तपासले नव्हते.

1980 नंतर ती तपासणी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील डर्बी या गावाजवळ शहरी वळणाचे जीवन जगणाऱ्या दहा मधुमेही आदिवासींना संशोधक केरिन ओ'डे यांनी सात आठवड्यांसाठी त्यांच्या पूर्वजांच्या मुलुखात नेले. शिकार, मासे, कंदमुळे आणि मध यांवर ते राहिले, आणि अन्न मिळविण्यासाठी रोज पायपीट करू लागले. सात आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी आठ किलो उतरले, आणि उपाशीपोटीची रक्तशर्करा सुमारे 209 मिलिग्रॅमवरून 119 पर्यंत आली. 1984 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रानधान्ये खाऊन हरणांत राहावयास सांगणाऱ्या प्राचीन वैद्यास या प्रयोगाचे नवल वाटले नसते.

पण सात आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे, आणि साऱ्या शहरास रानात नेता येत नाही. म्हणून 1986 साली चीनमधील दाचिंग या तेलविहिरींच्या शहरात सुरू झालेल्या प्रयोगाचे मोल अधिक आहे. पान श्याओरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक लाख दहा हजारांवर माणसांची तपासणी केली. त्यांतून त्यांनी 577 माणसे निवडली. ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तास झाल्यावर यांची रक्तशर्करा निरोग्याहून अधिक, पण मधुमेह्याहून कमी भरत असे. आजच्या मापाने हा पट्टा 140 ते 199 मिलिग्रॅमचा आहे. ही माणसे रोगाच्या उंबरठ्यावर उभी होती. तेहतीस दवाखान्यांची चार गटांत वाटणी करण्यात आली. एका गटास आहाराचे मार्गदर्शन मिळाले, दुसऱ्यास व्यायामाचे, तिसऱ्यास दोन्हींचे, आणि चौथ्यास विशेष काहीच नाही. सहा वर्षांनी चौथ्या गटातील सुमारे 68 टक्के लोकांना मधुमेह झाला होता. उरलेल्या तीन गटांत हे प्रमाण 41 ते 46 टक्क्यांच्या दरम्यान राहिले. तीस वर्षांनंतरचा हिशेब 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, मार्गदर्शन मिळालेल्यांत रोग सरासरीने जवळजवळ चार वर्षे उशिरा आला, हृदयविकार कमी झाला आणि आयुर्मानही वाढले. सहा वर्षांच्या नियमाचे फळ तीस वर्षे पुरले.

यानंतर इतर देशांतूनही पुरावे येऊ लागले. फिनलंडमध्ये 522 माणसांच्या अभ्यासात आहार आणि व्यायाम यांनी रोगाचा धोका 58 टक्क्यांनी घटल्याचे 2001 साली जाहीर झाले. 2002 साली अमेरिकेतील 3,234 माणसांच्या अभ्यासातही नेमका तेवढाच आकडा आला. तेथे आठवड्यास दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि वजनात सात टक्के घट एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. त्याच अभ्यासात मेटफॉर्मिन या औषधाने धोका 31 टक्के घटला. म्हणजे चालणारा गट गोळी घेणाऱ्या गटाहून पुढे राहिला.

ही पाश्चात्त्य माणसे स्थूल होती. हिंदुस्थानातील सडपातळ माणसास याचा काय उपयोग, अशी शंका येणे रास्त होते. तिचे उत्तर चेन्नईच्या ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाने 2006 साली दिले. रोगाच्या उंबरठ्यावरील 531 भारतीयांपैकी ज्यांस नुसता प्रचलित सल्ला मिळाला, त्यांतील 55 टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांना साखर व तळण कमी करण्याचे, तंतुमय अन्न वाढविण्याचे आणि रोज अर्धा तास चालण्याचे वळण लावले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 39 टक्के राहिले. विशेष म्हणजे या लोकांचे वजन फारसे उतरले नव्हते. तराजूचा काटा हलला नाही तरी रक्तातील साखर वळणावर येऊ शकते, हे त्यामुळे दिसले.

असे का होते, याचा उलगडा शरीराच्या रचनेतच आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू शोषून घेतात. त्यासाठी एरवी त्यांस इन्सुलिनची किल्ली लागते. परंतु स्नायू काम करू लागला म्हणजे पेशीच्या आतील साखर वाहून नेणारी प्रथिने आपोआप पृष्ठभागावर येतात, आणि किल्लीवाचूनही दार काहीसे उघडते. चालणे थांबल्यावरही हा गुण दिवस-दोन दिवस टिकतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा दमछाक होईपर्यंत धावण्यापेक्षा रोजचे अर्ध्या तासाचे चालणे अधिक उपयोगी पडते. आहाराचे कार्य दुसऱ्या बाजूने चालते. पोटात व यकृतात साठलेली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. ती उतरली म्हणजे अडथळाही उतरतो. 2017 साली ब्रिटनमध्ये रॉय टेलर व माइक लीन यांनी सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेह्यांना काही महिने वैद्यकीय देखरेखीखाली अत्यल्प आहारावर ठेवले. वर्षअखेर त्यांतील 46 टक्के लोकांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली आली होती. ज्यांनी पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरविले, त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के होते. पॅरिसच्या वेढ्यात बुशार्दाने जे पाहिले, त्याचे हे मोजून-मापून दिलेले प्रमाण होय.

मात्र स्थूल कोण आणि कृश कोण, हा प्रश्न या देशात वाटतो तितका सोपा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा 1993 पासून जो अभ्यास केला, त्यात तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकाचे 3.5 किलो भरले. पण या लहानग्या बालकात कमी होते ते स्नायू व इतर अवयव. चरबी त्या मानाने टिकून होती. 2004 साली याज्ञिक यांनी स्वतःचे व आपले इंग्रज सहकारी यडकिन यांचे माप शेजारी शेजारी ठेवून दाखविले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. अंगकाठीने किरकोळ दिसणारा भारतीय माणूस आतून स्थूल असू शकतो. 'मी कुठे लठ्ठ आहे' या समाधानावर त्यास विसंबता येत नाही. कमरेचा घेर आणि रक्ताची तपासणी हीच त्याची खरी साक्ष.

या देशात हा रोग आता केवळ गादीवर लोळणाऱ्या धनिकांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे वीस वर्षांवरील 11.4 टक्के लोकांस मधुमेह होता आणि आणखी 15.3 टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. 2021 सालच्या लोकसंख्येवर हिशेब केला तर मधुमेह्यांची संख्या दहा कोटींहून अधिक भरते. सर्व राज्यांत गोव्याचा आकडा सर्वांत मोठा, म्हणजे 26.4 टक्के निघाला. दर चार प्रौढांत एकाहून अधिक, असा त्याचा अर्थ होतो. त्याच पाहणीच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या भागात असेही दिसले होते की, प्रगत राज्यांच्या शहरांत सुस्थित वर्गापेक्षा गरीब वर्गातच मधुमेहाचे प्रमाण अधिक आहे. ज्या घरात महिन्याचे औषध विकत घेताना किराणा कमी करावा लागतो, त्या घरात हा रोग पोचला आहे. ज्याच्याजवळ द्रव्य नाही त्याने काय करावे, हा सुश्रुताचा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे.

त्याच्या उत्तरातील बराच भाग आजही ग्राह्य आहे. एक गोष्ट मात्र निश्चित सोडून द्यावयास हवी. मधुमेह्याने अनवाणी चालू नये. या रोगाने पायांची संवेदना बोथट होते, खडा किंवा काटा रुतलेला कळत नाही, आणि लहानशा जखमेतून पाय गमावण्याची पाळी येते. चालावे ते मापाची, मऊ तळाची पादत्राणे घालून, आणि रात्री तळपाय नीट पाहूनच निजावे. उरलेले पथ्य कोणत्याही घरात बसण्याजोगे आहे. ताटातील भाताचा ढीग निम्म्यावर आणावा, आणि त्या जागी पालेभाजी, उसळ व कोशिंबीर वाढावी. पांढऱ्या तांदळाच्या व मैद्याच्या जोडीस ज्वारी, नाचणी, जव यांना पुन्हा स्थान द्यावे. चहातील साखर आणि गोड पेये सोडावीत. जेवणानंतर आडवे होण्यापूर्वी थोडे चालावे. तिशी उलटलेल्याने, विशेषतः ज्याच्या आईवडिलांस हा रोग आहे त्याने, रक्त तपासून घ्यावे. कारण चेन्नईच्या व दाचिंगच्या माणसांना उंबरठ्यावर गाठले म्हणूनच त्यांच्यातील अनेकांना परत फिरविता आले.

आणि दुसरी आज्ञाही तितक्याच आग्रहाने पाळावयाची आहे. ज्या मुलास किंवा तरुणास पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, त्याचे इन्सुलिन कोणत्याही पथ्याच्या, काढ्याच्या किंवा व्यायामाच्या भरवशावर बंद करू नये. 1922 पूर्वी पथ्याखेरीज काहीच नव्हते, आणि त्या पथ्याने मुले किती दिवस जगली, हे ॲलनच्या नोंदवहीत लिहिलेले आहे. प्रौढ रोग्यानेही औषध कमी करावयाचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि इन्सुलिन वा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने फिरावयास जाताना खिशात साखरेचे चार खडे ठेवावेत. चालताना साखर एकाएकी उतरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर तेच उपयोगी पडतात.

शंभर योजने एका दमात कोणी चालावयाची नाहीत. रोज अर्धा तास, म्हणजे सुमारे अडीच किलोमीटर, या हिशेबाने बाराशे किलोमीटरांची ती वाट दीड वर्षाच्या आतच पुरी होते. तिला भिक्षापात्र लागत नाही की अरण्य लागत नाही. घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घरापर्यंत चालले तरी ती चालून होते.